पालटणे, बदलणे आणि धरसोड : वारंवारतेच्या क्रियापदाचा विचार

एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा वेगळी होत राहते, या अर्थाचे एकच एक क्रियापद मराठीत नाही. ‘दोलायमान होणे’, ‘अस्थिर असणे’ ही संस्कृताच्या आधाराने केलेली रूपे ग्रंथात आढळतात. परंतु ती स्थितीची वर्णने आहेत, क्रियेची नव्हेत. चालत्या मराठीत हे काम प्रामुख्याने ‘पालटणे’ आणि ‘बदलणे’ ही दोन क्रियापदे करतात. त्यांना ‘राहणे’, ‘जाणे’, ‘असणे’ या सहायक क्रियापदांची जोड मिळते आणि ‘आलटून पालटून’, ‘अदलून बदलून’, ‘घडोघडी’, ‘वरचेवर’ यांसारखे शब्दप्रयोग वारंवारतेचा अर्थ पुरवितात. वापरातल्या लहान कोशांत ‘पालटणे’ म्हणजे ‘बदलणे’ आणि ‘बदलणे’ म्हणजे ‘पालटणे’ असा परस्परांच्या खांद्यावर भार टाकून अर्थनिर्णय उरकलेला असतो. प्रस्तुत लेखात या दोन क्रियापदांचा अर्थ आणि उपयोग तपासावयाचा आहे. ती समानार्थी नाहीत, त्यांच्यातील भेद आजच्या लिखित मराठीतून पुसट होत आहे, आणि एकदा घडणारा बदल व वारंवार घडणारा बदल यांच्या वाक्यरचनेत एक असा फरक आहे की ज्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे येथे मांडावयाचे आहे.

उदाहरणे बव्हंशी नाशिक जिल्ह्यातील घेतली आहेत. ती जवळची आहेत हे एक कारण. दुसरे कारण असे की, वारंवार पालटणाऱ्या गोष्टींवर ज्यांचे पोट अवलंबून आहे असा मोठा शेतकरी समाज या जिल्ह्यात आहे. हवा, पाणी, भाव आणि सरकारी नियम या चारही गोष्टींबद्दल तो रोज बोलतो. क्रियापदाची परीक्षा अशाच बोलण्यात होते.

दोन शब्दांचे कूळ

‘पालटणे’ हा शब्द प्राकृतातून आलेला आहे. संस्कृत ‘परि’ + ‘अस्’ या धातूचे ‘पर्यस्त’ हे रूप. त्याच्याशी निगडित ‘पल्लट्ट’ हे रूप हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात नोंदविले आहे. हिंदीतील ‘पलटना’ हे याच कुळातील. मुळातील कल्पना उलथण्याची, कड फिरण्याची आहे. ‘बदलणे’ हे क्रियापद अरबी ‘बदल’ या नामावरून, फारसीच्या मार्गाने मराठीत आले. मुळात ‘बदल’ म्हणजे एकाच्या जागी आलेला दुसरा, मोबदला. ‘मोबदला’ हा शब्दही त्याच घराण्यातला, आणि ‘बदला घेणे’ यातील ‘बदला’ही. गिरणीतील ‘बदली कामगार’ हा या मूळ अर्थाचा सर्वांत स्पष्ट साक्षीदार होय : नेहमीचा कामगार गैरहजर असतो आणि त्याच्या जागेवर दुसरा उभा राहतो. यंत्र तेच, पाळी तीच, माणूस निराळा.

व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे भाषेच्या अभ्यासकास सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु या ठिकाणी व्युत्पत्तीतला भेद व्यवहारात जिवंत राहिला आहे, हे सामासिक शब्दांवरून दिसते. खांदेपालट, हवापालट, कायापालट, पीकपालट, फेरपालट, तोंडपालट हे शब्द एका बाजूला ठेवावेत. नोटाबदली, खातेबदल, नावात बदल, हवामानबदल हे दुसऱ्या बाजूला. खांदेपालटात पालखी तीच असते आणि भोईही तेच असतात; उजवा खांदा दुखला की डावा येतो आणि काही पावलांनी पुन्हा उजवा. मंत्रिमंडळाच्या संदर्भात हा शब्द वापरणाऱ्या पहिल्या पत्रकाराचे, तो जो कोणी असेल त्याचे, कौतुक केले पाहिजे. माणसे तीच, खांदे निराळे, हे त्याने एका शब्दात सांगितले. शेतकरी पिकाची फेरपालट करतो तेव्हा वावर तेच असते, आणि गव्हानंतर हरभरा घेतला म्हणून गहू कायमचा गेला असे होत नाही. कूस पालटते, पान पालटते, दिवस पालटतात.

याउलट नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे व हजार रुपयांच्या नोटा चलनातून काढल्यानंतर लोकांनी बँकेसमोर रांगा लावून नोटा ‘बदलून’ घेतल्या. नव्या नोटा छापण्यासाठी नाशिकरोडच्या मुद्रणालयातील यंत्रे चालू होती, जुन्या जमा होत होत्या. पण कोणीही नोटा ‘पालटून’ आणल्या असे म्हटले नाही. म्हणता आलेच नसते. जुनी नोट परत येणार नव्हती.

तेव्हा भेद असा मांडता येईल : पालटते तेव्हा वस्तू तीच राहते आणि तिची दुसरी बाजू वर येते, बदलते तेव्हा जागा तीच राहते आणि त्या जागी दुसरी वस्तू येते. पालटण्यात पहिली बाजू खाली दडलेली असते, ती पुन्हा वर येऊ शकते. बदलण्यात पहिली वस्तू गेलेली असते. ‘कायापालट’ हा शब्द याला अपवाद वाटेल, कारण ज्या गावाचा कायापालट झाला ते पूर्ववत व्हावे अशी कोणाची इच्छा नसते. परंतु तेथेही काया तीच आहे, म्हणूनच तो पालट. काया दुसरी आली असती तर तो जन्मांतराचा विषय झाला असता.

जन्मांतराचा उल्लेख आलाच आहे, तर एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील जुनी वस्त्रे टाकून नवी घेण्याचा दृष्टान्त ज्ञानेश्वर मराठीत आणतात तेव्हा ते ‘पालटणे’ही वापरत नाहीत आणि ‘बदलणे’ही नाही. ‘सांडणे’ आणि ‘वेढणे’ अशी दोन क्रियापदे ते योजतात : एक टाकण्याचे, एक अंगाभोवती घेण्याचे. मूळ श्लोकातही टाकणे आणि घेणे या दोन क्रिया आहेतच. ज्ञानेश्वरांनी त्या एका शब्दात गुंडाळल्या नाहीत. क्रिया दोन असल्या की कर्ता दोनदा दिसतो. या गोष्टीकडे पुढे परत यावे लागेल.

देवळालीची हवा आणि निफाडची हवा

नाशिकजवळची देवळाली ही छावणी म्हणून प्रसिद्ध, तशीच आरोग्यधामांची जागा म्हणूनही. मुंबईची दमट हवा सोसेनाशी झालेली माणसे तेथे ‘हवापालटा’साठी येत. (येथील लष्करी तळावर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत खितपत पडलेल्या गोऱ्या सैनिकांच्या मनाची जी अवस्था होई, तीवरून इंग्रजी भाषेला ‘डूलाली’ हे विशेषण मिळाले. म्हणजे एकाच गावाने एकाची प्रकृती सुधारावी आणि दुसऱ्याचे चित्त ढळावे.) हवापालट या शब्दाची गंमत अशी की, त्यात हवा कोठेच जात नाही, माणूस जातो. महिना-दोन महिने राहतो आणि परततो. परतणे हा त्या शब्दाचा भागच आहे. जो परतत नाही त्याने हवापालट केला असे म्हणत नाहीत, तो तेथे राहावयास गेला असे म्हणतात.

आता ‘हवामानबदल’ हा शब्द पाहावा. यात माणूस जागेवरच आहे आणि हवा गेली आहे. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपासून फळछाटणी. छाटणीच्या या दोन टोकांमध्ये त्याचे सारे वर्ष बांधलेले असते. हवा पालटणे हे त्याच्या हिशेबात पूर्वीपासून आहे : ढग येतील, चार दिवस दावण्याची भीती राहील, औषध मारावे लागेल, पुन्हा ऊन पडेल. फुलोऱ्यात पाऊस आला, मणी भरताना गारपीट झाली, तयार घडावर थंडीच्या कडाक्याने तडे गेले, की नुकसान होते. तरी ‘औंदा हवा पालटली’ असे म्हणताना पुढच्या वर्षी ती पुन्हा सरळ होईल ही अपेक्षा शब्दातच असते. ‘हवामान बदलले’ या वाक्यात ती अपेक्षा नाही. शास्त्रज्ञांना जे सांगावयाचे आहे ते हेच, की पूर्वीची सरासरी आता गृहीत धरता येत नाही. त्यामुळे ‘हवामानबदल’ हा पारिभाषिक शब्द माझ्या मते योग्य निवडला गेला आहे. ‘हवामानपालट’ झाला असता तर तो शब्द खोटे आश्वासन देत राहिला असता.

येथे भाषाशुद्धीच्या वादाचा ओझरता उल्लेख करणे भाग आहे, कारण त्या चळवळीचे सर्वांत प्रभावी पुरस्कर्ते वि. दा. सावरकर यांचा जन्म याच जिल्ह्यात, भगूर येथे १८८३ साली झाला. आणि अरबी-फारसी शब्दांऐवजी स्वकीय शब्द योजावेत ही भूमिका त्यांनी हिरिरीने मांडली. त्यांनी रूढ केलेले ‘दिनांक’, ‘महापौर’ हे शब्द आज कोणाला परके वाटत नाहीत. दुसरीकडे माधव जूलियन यांनी फार्शी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून प्रश्नाची मीमांसा केली. हा वाद शब्दांच्या कुळाभोवती फिरला हे त्याचे बळ तसेच मर्यादाही. ‘तारीख’ काढून ‘दिनांक’ ठेवला तर अर्थ फारसा हलत नाही. ‘बदल’ काढून सर्वत्र ‘पालट’ ठेवला तर मात्र हलतो. आणि आज प्रत्यक्षात जे घडत आहे ते याच्या नेमके उलट आहे. ‘पालट’ मागे पडून सर्वत्र ‘बदल’ येत आहे. ऋतू बदलतो, कूस बदलते, दिवस बदलतात, मनाचा कल बदलतो. स्वकीय शब्द हरला म्हणून मला वाईट वाटत नाही; दोन अर्थांपैकी एकाला घर उरले नाही म्हणून वाटते.

बोलभाषेने मात्र ‘पालट’चा धातू सोडलेला नाही. कसारा घाटात ट्रक ‘पलटी’ होतो. आघाडी सोडून गेलेला पुढारी ‘पलटी मारतो’. ग्रांथिक मराठीने ज्या शब्दाला बाहेरची वाट दाखविली, तो रस्त्यावरून आणि राजकारणातून परत आला.

वारंवारता कोठे असते?

मराठीत वारंवारता धातूत नसते, ती धातूभोवती असते. ‘बदलले’ म्हटल्याने एकदा की दहादा हे कळत नाही. त्यासाठी तीन सहायक क्रियापदे मुख्यतः वापरली जातात, आणि त्यांच्या अर्थच्छटा वेगळ्या आहेत. ‘नदीचे पात्र बदलत गेले’ यात दिशा आहे : बदल एकाच रोखाने, हळूहळू झाला. ‘तो दरवर्षी घर बदलत असे’ यात सवय आहे. ‘तो घरे बदलत राहिला’ यात मात्र सवयीपेक्षा अधिक काही आहे. थांबावयास हवे होते आणि थांबला नाही, अशी एक किंचित तक्रार ‘राहणे’ या क्रियापदातून येते. ‘पालटून’ची द्विरुक्तीसदृश रचना, ‘आलटून पालटून’, आणखी वेगळी. घरातील दोन चांगली लुगडी आलटून पालटून नेसली जातात. त्यात वस्तू ठरावीक असतात आणि क्रम फिरता असतो. ‘आलटणे’ असे स्वतंत्र क्रियापद वापरात नाही. ते केवळ पालटण्याला साथ देण्यासाठी उभे राहते.

आता व्याकरणातील ज्या मुद्द्याचा आरंभी उल्लेख केला, त्याकडे वळू. शालेय व्याकरणात ‘उभयविध’ क्रियापदे शिकविली जातात, म्हणजे सकर्मक आणि अकर्मक अशा दोन्ही प्रकारे चालणारी. ‘उघडणे’, ‘मोडणे’ ही त्यांपैकी. ‘बदलणे’ आणि ‘पालटणे’ ही दोन्हीही उभयविध आहेत. ‘हवा बदलली’ येथे क्रियापद अकर्मक. ‘समितीने अट बदलली’ येथे सकर्मक. भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालते, हे मराठीचे वैशिष्ट्य. म्हणून दुसऱ्या वाक्यातील ‘समितीने’ हा शब्द गाळला, की उरते ‘अट बदलली’. हे वाक्य ‘हवा बदलली’ याच्याहून रचनेने काडीमात्र निराळे नाही. अट आपण होऊन बदलली की कोणी बदलली, हे रूपावरून ओळखण्याचे साधन उरत नाही. कर्ता गेला, आणि जाताना त्याने पाऊलखूणही ठेवली नाही.

मराठीतील इतर अनेक क्रियापदांना ही सोय नाही, किंवा ही गैरसोय नाही. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, हटणे-हटविणे अशा जोड्या त्यांच्यापाशी आहेत. बाजार समितीच्या ओट्यावरील शेतकरी ‘भाव पडले’ आणि ‘भाव पाडले’ यांत कधीही गल्लत करीत नाही. एका ‘आ’काराने तो आरोप करतो अथवा करीत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर निर्यात शुल्क लागल्यावर जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव थांबले, तेव्हा ते ‘बंद पडले’, ‘बंद पाडले’ की ‘बंद ठेवले’ यावरून सांगणाऱ्याची बाजू कळत होती. ‘बदलणे’ला अशी जोडी प्रमाणभाषेत नाही. ‘बदलविणे’, ‘बदलवणे’ हे रूप बोलण्यात, विशेषतः वऱ्हाडाकडे, ऐकू येते. प्रमाणभाषेचे आग्रही संपादक ते अशुद्ध म्हणून खोडतात. त्या रूपाची गरज कशातून निर्माण झाली असावी, याचा विचार खोडण्यापूर्वी करावयास हरकत नाही.

परंतु ही अडचण एकदा घडलेल्या बदलाची आहे. वारंवारतेचे रूप घेतले की चित्र पालटते. ‘राहणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. ते मागे लागले की भूतकाळातही वाक्य कर्त्याप्रमाणे चालते आणि ‘ने’ प्रत्यय गळून पडतो : ‘सरकार अट बदलत राहिले.’ येथे ‘राहिले’ हे नपुंसकलिंगी रूप ‘सरकार’ या कर्त्याशी बांधलेले आहे. आता कर्ता गाळून पाहावा : ‘अट बदलत राहिले.’ हे वाक्य लंगडते. अट स्त्रीलिंगी, क्रियापद नपुंसकलिंगी. ऐकणारा लगेच विचारतो, कोण? कर्ता खरोखरच नको असेल तर ‘अट बदलत राहिली’ असे म्हणावे लागते, आणि मग अट ही हवेसारखी आपोआप पालटणारी वस्तू आहे, असे विधान लेखकाच्या पदरी येते. म्हणजे वारंवारतेच्या वाक्यात मराठी लेखकाला मधली जागा देत नाही. एकतर करणाऱ्याचे नाव घ्या, नाहीतर करणारा कोणी नव्हता असे म्हणा. (कर्ता आणि कर्म यांचे लिंग-वचन एकच रूप घेणारे असेल तेथे ही खूण दिसत नाही, हे खरे. ‘धोरण बदलत राहिले’ यात ‘सरकार’ गाळले आहे की नाही, हे सांगता येणार नाही. ‘धोरण’ हा शब्द राज्यकर्त्यांना प्रिय असण्याचे हे कारण नसेल, परंतु तो त्यांच्या सोयीचा आहे खरा.)

एका पिकाची वाक्यरचना

या व्याकरणाची प्रत्यक्षातील परीक्षा कांद्याच्या निर्यातीच्या नियमांवर करता येते. १९४७ साली स्थापन झालेली लासलगावची बाजार समिती, तसेच पिंपळगाव बसवंत, चांदवड, येवला, उमराणे येथील बाजार यांच्या दृष्टीने निर्यात हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. रब्बीचा उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि चाळीत साठविला जातो. लाल कांदा टिकत नाही. उन्हाळ टिकतो, तोही काही महिनेच, आणि प्रत्येक महिन्याला वजनात घट सोसून. तो आज विकावा की दिवाळीपर्यंत ठेवावा, हा निर्णय शेतकऱ्याला नियमाच्या भरवशावर घ्यावा लागतो.

त्या नियमांचा क्रम असा. सप्टेंबर २०१९ मध्ये आधी टनाला ८५० डॉलर किमान निर्यात मूल्याची अट आली आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेस निर्यातबंदी. १५ मार्च २०२० पासून बंदी उठली. १४ सप्टेंबर २०२० रोजी ती पुन्हा आली. १ जानेवारी २०२१ पासून पुन्हा उठली. १९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरअखेर ८०० डॉलर किमान मूल्य. ८ डिसेंबर २०२३ पासून बंदी, ३१ मार्च २०२४ पर्यंत. ती मुदत संपण्यापूर्वीच ‘पुढील आदेश होईपर्यंत’ वाढ. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क यांसह. १३ सप्टेंबर २०२४ रोजी अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले.

हा परिच्छेद मी मुद्दाम बातमीच्या मराठीत लिहिला आहे. त्यातील क्रियापदे पाहावीत : आली, उठली, गेले. बंदी येते आणि जाते, पावसासारखी. शहरी ग्राहकाच्या ताटातील कांदा महाग होऊ नये, हा या निर्णयांमागील हेतू सर्वज्ञात आहे आणि तो विचारार्ह नाही असे कोणी म्हणणार नाही. लेखाचा विषय निर्णयाची योग्यता हा नसून त्याचे क्रियापद हा आहे. प्रत्येक निर्णय सुटा सांगितला की वाक्य कर्त्याशिवाय निभते. सगळे एकत्र सांगावयाचे ठरविले, की ‘राहणे’ घ्यावे लागते. आणि ‘राहणे’ घेतले की ‘सरकार’ हा शब्द वाक्यात आणावा लागतो. नियम वारंवार बदलणे ही गोष्ट एका बदलाहून निराळी आहे, ती नुसती बेरीज नव्हे, हे चाळीसमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कळते. एक बंदी त्याचा एक हंगाम घेते. बंदी केव्हाही येऊ शकते ही जाणीव त्याचा ठेवणीचा निर्णयच जुगारासारखा करून टाकते.

या क्रमाला ‘बदलणे’ लागू पडते की ‘पालटणे’? ‘बदलत गेले’ हे तर चुकीचेच ठरेल, कारण दिशा नाही. बंदी, किमान मूल्य, शुल्क, मोकळीक ही चार पाने. तीच आलटून पालटून वर येतात. जुने गेले आणि नवे आले असे झालेले नाही, कारण गेलेले पुन्हा आलेले आहे. मूळ अर्थाने पाहता हा पालट आहे. परंतु ‘पालटणे’ही येथे अपुरे पडते. पालट निसर्गाचा असतो, कुशीचा असतो, पिकाचा असतो; त्यात एक लय गृहीत असते. शेतकरी फेरपालट करतो ती जमिनीचा कस राखण्यासाठी, आणि पुढच्या वर्षी काय येणार हे त्याला ठाऊक असते. निर्यातीच्या नियमांत पाने तीच असली तरी क्रम कोणाला ठाऊक नसतो.

याच ठिकाणी मराठीने स्वतः घडविलेला एक शब्द उपयोगी पडतो, तो म्हणजे ‘धरसोड’. ‘धर’ आणि ‘सोड’ या दोन धातूंचा हा समास. धरणारा नसेल तर धरणे नाही, सोडणारा नसेल तर सोडणे नाही. ‘हवेची धरसोड’ असे कोणी म्हणत नाही. वृत्तीची, धोरणाची, शब्द देणाऱ्याची धरसोड असते. ज्ञानेश्वरांच्या ‘सांडणे’ आणि ‘वेढणे’ या जोडीप्रमाणेच येथे एका नावाखाली दोन क्रिया उभ्या आहेत आणि दोन्हींना हात लागतो. या शब्दाचे क्रियापद ‘करणे’ हेच. ‘धरसोड झाली’ म्हटले तरी ती कोणाची, हा प्रश्न षष्ठीच्या प्रत्ययासह पुढे येतोच. वारंवार बदलासाठी मराठीत एक क्रियापद नाही, या आरंभीच्या विधानाला म्हणून एक पुरवणी जोडावी लागते : माणसाने केलेल्या वारंवार बदलासाठी मराठीत नाम आहे, आणि ते कर्त्याला सोडत नाही.

शासकीय मराठीने ‘धरसोड’ वापरावा अशी अपेक्षा नाही. कोणतेही शासन स्वतःबद्दल तो वापरणार नाही. पण तिने जी रचना पत्करली आहे तिचा विचार केला पाहिजे. राज्याचा राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. त्याच्याही आधी, १९६० साली, भाषा संचालनालय स्थापन झाले आणि शासनव्यवहाराला मराठी शब्द मिळाले, हे मोठे काम होते. वाक्ये मात्र मराठी झाली असे म्हणवत नाही. ‘नियमांत वेळोवेळी बदल करण्यात येतील’ हे नमुन्याचे वाक्य घेऊ. यात ‘बदलणे’ हे क्रियापद राहिलेलेच नाही. त्याचे ‘बदल’ हे नाम झाले, ‘करणे’चे ‘करण्यात’ झाले, आणि शेवटी ‘येणे’ तेवढे क्रियापद उरले. वारंवारता ‘वेळोवेळी’ या अव्ययाकडे गेली, ‘राहणे’कडे नाही. त्यामुळे कर्त्याचे नाव घेण्याची जी सक्ती वर दाखविली, ती टळली. शिवाय ‘वेळोवेळी’ या शब्दाला मराठीत एक चांगुलपणा आहे : औषध वेळोवेळी घ्यावे, पाळी वेळोवेळी द्यावी. योग्य त्या वेळी, असा ध्वनी त्यातून निघतो. शेतकऱ्याच्या तोंडचा ‘घडोघडी’ हा शब्द त्याच वारंवारतेला अवेळी ठरवितो.

नामरूपाची ही ओढ शासनापुरती राहिलेली नाही. नाशिककर गोदावरीचा पूर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून मोजतात : पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, आता उतरू लागले. चढणे आणि उतरणे, दोन क्रियापदे, दोन दिशा. आणि गावभर सर्वांना समजणारे माप. ‘नदीच्या पाणीपातळीत बदल झाला’ हे वाक्य त्याच घटनेविषयी असते, पण ते ऐकून कोणी पेठेतल्या दुकानातला माल वरच्या फळीवर ठेवणार नाही.

आमच्या पदवी वर्गातील विद्यार्थ्यांचे निबंध वाचताना ‘बदल होणे’, ‘बदल घडून येणे’, ‘बदल घडवून आणणे’ ही तीन रूपे पानोपानी भेटतात. घरी ‘मोसम पालटला’ म्हणणारी मुले कागदावर ‘ऋतूमध्ये बदल झाला’ असे लिहितात, कारण शुद्ध मराठी अशीच असते असे त्यांना शिकविले गेले आहे. त्यांच्या घरच्या वाक्यात क्रियापद होते आणि त्याला स्वतःचा अर्थ होता. लिहिलेल्या वाक्यात ‘होणे’ उरते, जे कोणत्याही गोष्टीबद्दल वापरता येते.

१ एप्रिल २०२५ च्या निर्णयाचे उदाहरण पुन्हा घेतले तर त्याचा मथळा चार प्रकारे लिहिता येतो : शुल्क हटले; शुल्क हटविले; शुल्करचनेत बदल; केंद्राने शुल्क मागे घेतले. पहिल्यात कोणी नाही. दुसऱ्यात कोणीतरी आहे, पण नाव नाही. तिसऱ्यात क्रियापदच नाही. चौथ्यात कर्ता आहे, आणि ‘मागे घेणे’ या क्रियापदामुळे, जे मागे घेतले ते आधी कोणी पुढे केले होते, हेही त्यात आले आहे.